वाफ दिसली की यायचं

१९ फेब्रुवारी

ऑरिनच्या टोपीवर रात्रीत वीतभर बर्फ साचला होता, तो सकाळी जाऊन झाडला. कोटावरचाही झाडला. टोपीची कानावरची झापडं सरळ केली. ल्यूसियन लांब उभा राहून बघत होता.

"जिवंतपणी एवढी सेवा केली असतीस तर बिचारा धन्य झाला असता," तो म्हणाला.

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"कुऱ्हाड आणू? गोठलाय तोवर काम सोपं आहे. तुझ्याच्याने होत नसेल तर मी करतो."

"आज नको."

डिसेंबरपासून मी हेच म्हणतेय. ऑरिन, माझा नवरा, लाकडं आणायला म्हणून गेला आणि दंडावर दातांच्या खुणा घेऊन परत आला. मला काही बोलला नाही. दोन दिवस नेहमीसारखा जेवायला बसला, सूप पाणचट झालंय म्हणाला, आणि मी वेडी त्यात मीठ घालत राहिले. मग एके दिवशी सकाळी मला घरात ठेवून बाहेरून कडी घातली आणि स्वतः मेपलच्या रानात जाऊन बसला. तिथेच गेला, तिथेच उठला. चार पावलं चालला असेल नसेल, तेवढ्यात मोठी थंडी पडली आणि एक पाय पुढे टाकलेला तसाच गोठला. तोंड गुऱ्हाळाकडे, जिथे आम्ही मेपलच्या रसाचा पाक करतो.

मरून उठलेल्या अशांना गावात 'उभे' म्हणतात. ल्यूसियन म्हणतो, सरळ झोंबी म्हणा की, लाज कसली. पण थंडीत सगळे असे शेतात, रस्त्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर उभे दिसतात, तेव्हा तो शब्द तोंडातून निघत नाही. त्यातले निम्मे आमच्या लग्नाला आलेले आहेत.

ल्यूसियन आमचा शेजारी. त्याच्या घराचं छप्पर कोसळल्यापासून माझ्याकडेच असतो. चाळीस वर्षं आमचं भांडण चाललंय, आता निदान ते एका छपराखाली चालतं.

संध्याकाळी वायरलेसवर हॅटी. माझी मुलगी. खाली तळ्याकाठच्या शाळेत आजारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायकांना सांभाळत बसलीय. बाकीचं गाव तळ्याच्या बर्फावरून चालत बेटावर गेलंसुद्धा. बेटाला पूल नाही. तळं वितळलं की उभ्यांपासून कायमची सुटका.

"आई, स्लेजगाड्या तयार होतायत. तू खाली ये."

"येते गं."

"कधी? तू आल्याशिवाय मी बर्फावर पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते."

बापासारखीच हट्टी आहे.

२१ फेब्रुवारी

कडाक्याची थंडी. उतारावरच्या मेपलना तोट्या ठोकल्या, नळ्या गुऱ्हाळाच्या टाकीला जोडल्या. ल्यूसियनचं दिवसभर गुडघ्याचं रडगाणं. "जग बुडालं आणि ही बाई पाक करायला निघालीय!" म्हटलं, झाडांना कुणी सांगितलंय का जग बुडालं म्हणून? रस यायचा तो येणारच.

२५ फेब्रुवारी

आज ऊन पडलं! वळचणीवरून थेंब गळायला लागले. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असं झालं की मेपलच्या खोडातून रस धावतो. दुपारपर्यंत टाकी अर्धी भरली. मी बोट बुडवून चाखला आणि मला रडूच आलं. गेल्या वर्षी पहिला रस ऑरिनने माझ्या ओंजळीत ओतला होता.

एवढ्या लवकर ऊन पडेल असं कुणाला वाटलं होतं? हॅटीला सांगायला हवं, उद्याच निघते म्हणून. पण आज टाकीतला रस तसाच टाकून जायचा? उद्या आंबून जाईल. माझ्या सासूने असा रस कधी टाकला नाही, तिच्या सासूनेही नाही.

ल्यूसियन आधी नाही नाही म्हणाला. मग गुपचूप चुलाणाजवळ लाकडं रचायला लागला.

आमचं ठरलेलं असायचं. ऑरिन चुलाणावर, ल्यूसियन काहिलीवर, मी गाळणीवर. ऑरिनसारखा जाळ कुणाला जमला नाही. त्याच्या हाताखाली वाफ पांढरीशुभ्र निघायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखी. ल्यूसियनला पाक कधी उतरवायचा ते डोळे मिटून कळतं, पण त्याने जाळ घातला की नुसता काळा धूर. आज तसाच झाला. "तुझ्या जाळावर चहासुद्धा होणार नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग नवऱ्याला हाक मार."

बोलून गेला आणि मग उगाच चुलाणाचं दार उघडझाप करत बसला.

मग छपराच्या झडपा उघडल्या आणि वाफ वर चढली. गोड वास सुटला. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्यावर एकेका शेजाऱ्याचा टिनचा कप. आमच्याकडची रीतच आहे. टेकडीवर वाफ दिसली की यायचं, बोलावण्याची वाट बघायची नाही. आपापला कप काढायचा, बर्फावर ओतलेला गरम पाक काट्याने गुंडाळून खायचा, वर आंबट काकडी, गप्पा. माणूस गेला की घरचे येऊन त्याचा कप घेऊन जातात. ऑरिनचा मी अजून काढलेला नाही.

कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. तेवढ्यात ल्यूसियन दारातून ओरडला.

२६ फेब्रुवारी

काल तेवढंच लिहून वही मिटली.

ऊन पडलं की रस धावतो, आणि ऊन पडलं की उभेही वितळतात, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. सबंध गावाला ठाऊक आहे. फक्त वाफ बघून ते येतील, हे डोक्यात आलं नाही. कसं येणार? आजवर वाफ बघून आलेल्या माणसाला आम्ही कधी घाबरलोच नव्हतो.

ओढ्यापलीकडच्या कुरणातून ते चढत आले. घाई नाही, धावपळ नाही. पुढे पोस्टातल्या मिसेस बिक्सबी, तोच जांभळा स्वेटर. ल्यूसियन दार ओढून घेईपर्यंत पहिले आत शिरले. आम्ही शिडीवरून माळ्यावर चढलो. ल्यूसियन मागे राहिला होता, त्याने शिडी वर ओढली तेव्हा डाव्या हातातून रक्त येत होतं. "दारात बोटं सापडली," म्हणाला आणि खिशातला हातमोजा चढवला.

आणि मग मी जे पाहिलं ते कसं लिहू?

ते वाफेत येऊन उभे राहिले. गुऱ्हाळ भरलं, अंगण भरलं. कुणी वर आमच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यांनी माना वर केल्या, चेहरे वाफेत धरले. गालांवरचा बर्फ पाणी होऊन ओघळला. काही खिळ्यांपाशी जाऊन थांबले. मिसेस बिक्सबींनी हात उचलला आणि बरोबर आपल्याच कपावर ठेवला! काढला नाही, नुसता ठेवला. मी तोंडात बोळा कोंबून बघत होते, अंगावर काटा होता, पण ती भीती नव्हती. चर्चमध्ये लहानपणी गाणं सुरू व्हायच्या आधी सगळे एकदम गप्प व्हायचे, तेव्हा असं व्हायचं.

"एल्वा," ल्यूसियन पुटपुटला, "हे पाकाला आलेत."

खाली जाळ विझला तशी वाफ विरली. मग मात्र चेहरे बदलले. माना वळल्या, आमचा वास लागला, खांबाला नखं घासायला लागली. मी मनातल्या मनात हॅटीची माफी मागितली. पण ऊन टेकडीमागे गेलं, थंडी आली, आणि ते एकेक करत जागच्या जागी ताठले. आम्ही शिडी सोडून त्यांच्यामधून अंग चोरत बाहेर पडलो.

ऑरिन त्यांच्यात नव्हता. रानात गेले तर तो होता, पण झाडापासून बराच पुढे आलेला. रानात ऊन उशिरा पोचतं ना, म्हणून.

२७ फेब्रुवारी

सकाळीच हॅटीचा वायरलेस. आवाज अगदी हळू.

"आई, उभे वितळले. शाळेला वेढा पडलाय. दारं अडवलीयत आम्ही. रात्री गोठतात तेव्हा निघावं म्हटलं, पण ते दारांना इतके चिकटून गोठतात की दारच ढकलता येत नाही."

"आणि तळं?"

"तळं आवाज करायला लागलंय. म्हातारे म्हणतात, असंच ऊन राहिलं तर दोन-चार दिवस."

मी वायरलेस ठेवला आणि बसूनच राहिले. माझ्यामुळे ती थांबली. मी बर्फ झाडत बसले एका मेलेल्या माणसाच्या टोपीवरचा, आणि माझी जिवंत पोर तिथे अडकली. हे मी कधी विसरणार नाही.

ल्यूसियन टेबलापाशी पाकाची वाटी घेऊन होता, परवाच्या गडबडीत करपलेला. "छान झालाय," म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने माझ्या पाकाला छान म्हटलं नाही, आणि आज कोळसा खाऊन छान म्हणतोय! दुःखात माणूस गोड होतो म्हणतात ते खरं. मला गहिवरून आलं. हातमोजा घरातही काढत नाही, बोटं सुजलीयत म्हणे. बघू दे म्हटलं तर खेकसला.

मग खिडकीतून टेकडीवरच्या गुऱ्हाळाकडे बघत तो म्हणाला, "ते वितळले तरी पाकाचा वास सोडून तिथून हलत नाहीत. तिथे का गेले, एल्वा? वाफेला. मग शाळेपाशीचेही वाफेलाच येतील. टाकी काठोकाठ भरलीय. उद्या सकाळी ते गोठलेले असतानाच आत जायचं आणि दिवसभर जाळ विझू द्यायचा नाही."

"त्यांच्यामध्ये उभं राहून?"

"वाफ आहे तोवर काही करत नाहीत. तूच पाहिलंस."

"आणि जाळ कोण घालणार? तू?"

"घालीन तसा घालीन. नावं ठेवायला तू आहेसच."

२८ फेब्रुवारी

बेटावर लिहितेय. एका माणसाच्या स्वयंपाकघरात, भोवती परकी भांडी. हॅटी शेजारी झोपलीय. सगळं क्रमाने लिहायला हवं.

पहाटे गुऱ्हाळात शिरलो. अंगणात उभे होते तसेच, भुवयांवर हिमकण. मिसेस बिक्सबींचा हात पुन्हा कपावर. त्यांच्या बगलेखालून हात घालून मी लाकडं काढली, "माफ करा हं," असं नकळत तोंडातून गेलं. ल्यूसियनने काडी ओढली. काळा धूर. नेहमीप्रमाणे.

ऊन वर आलं. आमच्याभोवती बर्फ गळायला लागला, खांदे हलले, बोटं हलली. काहील अजून उकळत नव्हती. एकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं संपलं. "ल्यूसियन, जाळ!" "घालतोय ना!" "हा जाळ आहे का?" शेवटच्या घडीलाही आम्ही भांडत होतो.

मग गर्दी दुभंगली आणि ऑरिन आत आला.

मी किंचाळलेसुद्धा नाही. तो चुलाणापाशी गेला, ल्यूसियनला खांद्याने बाजूला सारलं. नेहमी सारायचा तसंच, थोडं कुजकटपणे! लोखंडी दार उघडलं. ल्यूसियनने कोंबलेली दोन लाकडं बाहेर ओढली, बाकीची आडवी-उभी रचली, दार लावलं आणि सळीने त्यावर दोनदा ठोकलं. लग्नाच्या आधीपासून ऐकत आलेय मी ती ठकठक. चुलाण गर्जलं. काहील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उकळायला लागली आणि वाफेने सगळं भरून गेलं. पांढरीशुभ्र.

माझ्याकडे वळलेली ती मान पुन्हा वर झाली.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. डोळ्यांत काही नव्हतं, खोटं कशाला लिहू. पण हात त्याचेच होते. मला इतकं आश्चर्य वाटलं, इतका आनंद झाला की लाज वाटते लिहायला. मेल्यावर माणसाचं काय उरतं, असं मी लहानपणी पास्टरांना विचारलं होतं. त्यांनी बरंच काही सांगितलं. हे नव्हतं सांगितलं.

ल्यूसियन काहिलीवर, ऑरिन चुलाणावर, मी गाळणीवर. भोवती सगळं गाव. कुरणातून, रस्त्यावरून, शाळेकडून ते येतच होते. टेकडी भरली.

दुपारी वायरलेस वाजला. हॅटी रडत होती. "आई, रस्ता मोकळा आहे. एकही नाही. कसं केलंत?"

"तुझ्या बापाने केलं. नीघ आता."

"तू ये."

"मी इथे…"

"मग मी बसते इथेच. बाकीच्यांना पाठवते. मी बसते."

ल्यूसियनने माझ्या हातातून वायरलेस घेतला. "पोरी, तुझी आई निघाली," म्हणाला आणि बंद केला.

"मी नाही जात," मी म्हटलं. "हा इथे असताना नाही जात."

"एल्वा, ऐक. याला जाळ जमतो, पाक उतरवता येत नाही. पाक वेळेवर उतरला नाही तर काहील करपेल, वाफ बंद, आणि हे सगळे खाली पळतील तुझ्या पोरीच्या मागे. कुणीतरी काहिलीवर हवं. मी आहे. तुला कुठे जमलंय आजवर?"

"आणि तू कधी येणार?"

"रस संपला की. कंटाळा आला की. जा गं बाई, डोकं खाऊ नकोस!"

माझी पिशवी भरून त्याने माझ्या खांद्याला अडकवली. उकळत्या काहिलीच्या काठावर हात टेकून उभा होता. "अरे, भाजेल!" म्हटलं तर हात बघून मग उचलला. मी ऑरिनपाशी गेले. टोपीची झापडं सरळ केली. तो लाकडं रचत राहिला. मी त्याला हॅटीकडे जाते म्हणून सांगितलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

गर्दीतून बाहेर पडले तेव्हा कुणी मला शिवलं नाही. काही ओळखीच्या खांद्यांना मीच हात लावला.

बर्फावर पाणी साचलं होतं, घोट्यापर्यंत. खालून तळं कण्हत होतं. हॅटीने माझा हात असा धरला होता की अजून वळ आहेत. स्लेजवरच्या आजाऱ्यांतला एकजण सारखा मागे बघत होता. मी नाही पाहिलं. पाहिलं असतं तर वळले असते.

२ मार्च

रात्री तळं फुटलं. सकाळी सगळीकडे निळं पाणी. बेटावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ल्यूसियन आला नाही.

५ मार्च

आज पिशवी रिकामी केली. मोजे, औषधं, ऑरिनचा फोटो. तळाशी जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक टिनचा कप. ऑरिनचा असेल म्हणून उघडला. ल्यूसियनचा होता.

हातमोजा. करपलेला पाक. काहिलीवर टेकलेला हात. ऑरिनची चव गेलेली न कळता मीठ घालत राहिले होते, तशीच पुन्हा, तशीच! चाळीस वर्षं याच्या प्रत्येक शब्दाला उत्तर दिलं, आणि ज्या दिवशी तो खरं बोलत नव्हता त्या दिवशी मी त्याला गोड म्हणत बसले. दुपारभर रडले.

९ मार्च

रात्री गोठलं, सकाळी लख्ख ऊन. धुणं वाळत घालायला बाहेर आले आणि हॅटी म्हणाली, "आई."

पाण्यापलीकडे, टेकडीवर, वाफ.

आम्ही बराच वेळ उभ्या होतो. बेटावरची माणसंही घराबाहेर आली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

"अजून जिवंत आहेत का दोघं?" हॅटीने विचारलं. माझी शहाणी पोर, बापाला तिनेच डिसेंबरात रडून निरोप दिलाय, आणि तरी तिने असं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी पुन्हा पाहिलं. वाफ पांढरी, सरळ, कुठे तुटत नव्हती. ल्यूसियनचा जाळ असा कधी झाला नाही. आणि करपल्याच्या धुराची एक रेघसुद्धा नाही, म्हणजे काहील करपत नाही, पाक वेळेवर उतरतोय. ते ऑरिनला जन्मात जमलं नसतं.

"चुलाणावर तुझा बाप आहे," मी म्हटलं. "काहिलीवर तो भांडखोर."

ती टेकडीकडे वळली. मग तिलाही दिसलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

दिवसभर मी काम करत होते. पण वाफ दिसली की जायचं असतं, बोलावण्याची वाट बघायची नसते, हे अंगात इतकं मुरलंय की संध्याकाळच्या आधी केव्हातरी मी कोट घातला, ल्यूसियनचा कप खिशात टाकला आणि दारापर्यंत गेले. कडीवर हात होता.

हॅटी आली. माझी बटणं एकेक करून सोडली आणि कोट परत खुंटीला टांगला.